तुम्ही विचारलंत म्हणून : लहानपणी पाहिलेला भीतीदायक सिनेमा मनात कायमचा राहतो का?

मुलांसाठी सिनेमे निवडायचे, ते त्यांच्यासोबत बसून पाहायचे आणि नंतर त्यांच्याशी गप्पा मारायच्या, हे माझं काम. त्यामुळे एक प्रश्न मला हमखास येतो. आई किंवा बाबा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात, "आमच्या नकळत त्याने भलताच सिनेमा पाहिला. आता रात्री एकटा झोपत नाही. हे कायमचं राहील का हो?"

राहू शकतं. माझ्या मनात राहिलं आहे. पण काय राहतं आणि कशामुळे राहतं, ते दाराशी उभ्याउभ्या सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी नऊ वर्षांची होते. मामाच्या घरी आम्ही सगळी भावंडं जमलो होतो, मोठी माणसं बाहेर गेली होती, कुणीतरी व्हिडिओ कॅसेट आणली होती. पडदे ओढून घेतले. सिनेमाचं नाव मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी ते शोधलंही नाही. लक्षात आहे तो एकच प्रसंग. एक बाई बेसिनवर वाकून तोंड धुतेय. आवाज फक्त पाण्याचा. ती मान वर करते, आणि आरशात तिच्या खांद्यामागे कुणीतरी उभं असतं. ती गर्रकन वळते. मागे कुणीच नाही. बस, एवढंच. ना रक्त, ना किंकाळी. पुढे त्या सिनेमात बरंच भयंकर घडलं असणार, कारण थोरली भावंडं ओरडत होती. मी मात्र त्या बेसिनपाशीच अडकले होते.

कॅसेट संपल्यावर सगळ्यांत मोठ्या दादाने आम्हा धाकट्यांना शपथ घातली : घरी कुणाला सांगायचं नाही. आम्ही गळ्याला हात लावून शपथ घेतली.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी डोळे मिटून तोंड धुतलं नाही. पद्धत ठरलेली होती. आधी डाव्या गालाला साबण, तेव्हा उजवा डोळा उघडा. मग उजव्या गालाला, तेव्हा डावा उघडा. कपाळावरचा फेस ओघळून उघड्या डोळ्यात जायचाच. झोंबायचं, घळाघळा पाणी यायचं, तरी मी पापणी मिटू द्यायची नाही. मिटली की मागे कुणीतरी येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. साबण लावताना नळ बंद करायचा, कारण पाण्याच्या आवाजात पावलं ऐकू येणार नाहीत. दार किलकिलं ठेवायचं. आईला माझे लाल डोळे दिसायचे. साबण उग्र आहे असं समजून तिने तो बदलला. काही दिवसांनी पुन्हा बदलला.

आता तुमच्या मुलांबद्दल. "अरे, खोटं असतं ते सगळं" हे आपण किती सहज म्हणतो! सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला त्याने फारसा धीर येत नाही. त्या वयात मूल आधी रूप बघतं, हेतू नंतर. जोअॅन कँटर या अमेरिकी संशोधक मुलं आणि पडद्यावरची भीती याच विषयावर कित्येक वर्षं काम करत होत्या. 1970च्या दशकाच्या शेवटी तिकडे टीव्हीवर हल्कची मालिका लागायची. हल्क संकटातल्या माणसांना वाचवतो, तरी अगदी छोटी मुलं त्याला घाबरायची, असं कँटर यांना आढळलं. साध्या माणसाचं हिरव्या राक्षसात रूपांतर होतं, तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचायचं. तो मदतीला आलाय हे थोड्या मोठ्या मुलांना कळायचं.

मग छोट्यांना समजवायचं कसं? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर एका अभिनेत्रीने दिलं आहे. 1939च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधल्या दुष्ट चेटकिणीने मुलांच्या कितीतरी पिढ्यांची झोप उडवली. ती भूमिका करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन स्वतः आधी बालवाडीत शिकवायच्या. 1975मध्ये त्या फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात आल्या आणि मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांनी चेटकिणीचा पोशाख एकेक करून अंगावर चढवला. हसऱ्या आजीबाईंची चेटकीण कशी होते, ते मुलांना पायरीपायरीने दिसलं. "खोटं असतं" हे शंभरदा सांगण्यापेक्षा हे एकदा दाखवणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

आठ-नऊच्या पुढे गोष्ट उलटते. राक्षसाला मुलं हसायला लागतात आणि खरोखर घडू शकेल अशा गोष्टीचा धसका घेतात. सिनेमा संपला की मी "आवडला का?" असं विचारत नाही, "डोळे कुठे झाकलेत?" असं विचारते. एकदा दहा वर्षांच्या एका मुलाने सांगितलं की बाबा बॅग भरतात तिथे. त्या सिनेमात पुढे वादळ होतं, पूर होता, आणि हा बॅगेपाशी डोळे झाकून बसला होता! त्या दिवसापासून मी सिनेमा निवडताना भुतांपेक्षा बॅगांकडे जास्त लक्ष देते.

"सर्टिफिकेट बघूनच लावला होता" असंही पालक कळवळून सांगतात. सर्टिफिकेट जरूर बघावं, पण त्या शिक्क्यांना स्वतःलाच वेळोवेळी बदलावं लागलं आहे. सशांच्या कळपाची गोष्ट सांगणाऱ्या 'वॉटरशिप डाउन' या 1978च्या व्यंगचित्रपटाला ब्रिटनमध्ये सर्वांसाठी योग्य असं 'यू' प्रमाणपत्र मिळालं होतं. त्यातली रक्तबंबाळ दृश्यं पाहून रडलेली मुलं मोठी झाली, आणि 2022मध्ये तिथल्या मंडळाने त्याला पालकांच्या मार्गदर्शनाची 'पीजी' श्रेणी दिली. अमेरिकेत 1984मध्ये 'ग्रेमलिन्स' आणि इंडियाना जोन्सचा दुसरा सिनेमा पाहून पालक इतके चिडले की त्याच वर्षी तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना खास सावध करणारी 'पीजी-13' ही नवी श्रेणी आली. आणि 1942चा 'बॅम्बी' तर मुलांसाठीच काढलेला. त्यात पाडसाच्या आईचं मरण दाखवलेलंच नाही, फक्त गोळीचा आवाज ऐकू येतो. तेवढा एक आवाज मुलांना पुरला. बाकीचं त्यांनी मनात पाहिलं, आणि मनात पाहिलेलं कुठलं मंडळ कापणार?

मोठेपणी हे किती जणांकडे उरतं? कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी 1999मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीडशेच्या आसपास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावरच्या कशाने भीती बसली होती का, असं विचारलं. सुमारे 90 टक्के जणांकडे अशी आठवण होती, आणि साधारण चौथा हिस्सा विद्यार्थ्यांच्या मनात ती भीती थोडीफार अजूनही शिल्लक होती. म्हणजे तुमचं मूल जगावेगळं नाही, आणि तुम्ही वाईट पालकही नाही.

पण माझं स्वतःचं म्हणणं वेगळंच आहे. त्या बेसिनवाल्या बाईने मला दोन वर्षं धरून ठेवलं नाही. मला धरून ठेवलं ते दादाच्या शपथेने. भीती वाटली हे सांगायचं तर सिनेमा पाहिला हे सांगावं लागलं असतं, मग सगळ्यांनाच ओरडा बसला असता. त्यामुळे ती भीती कुणाच्या कानावर गेली नाही, कुणी तिला प्रश्न विचारला नाही, आणि ती माझ्याजवळ जशीच्या तशी राहिली. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की मूल घाबरलेलं दिसलं तर "कुणी दाखवलं? का पाहिलंस?" हा तपास त्या रात्री करू नका. दोन दिवसांनी करा. त्या रात्री फक्त "काय दिसलं ते मला सांग" एवढंच म्हणा, आणि सांगत असताना मध्ये बोलू नका.

गेल्या वर्षी माझी पाच वर्षांची भाची कुणाच्या तरी मोबाइलवर काहीबाही पाहून आली आणि बाथरूममध्ये एकटी जाईना. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "एक बाई हसते," ती म्हणाली. कशी हसते, विचारलं. तिने करून दाखवलं. मी तसंच हसून पाहिलं. "अशी नाही गं, दात आत," म्हणाली, आणि मला नीट शिकवायला लागली. पाच-सहा वेळा आम्ही दोघी त्या बाईसारख्या हसलो.

मग तिने विचारलं, "आत्या, तुला कशाची भीती वाटायची?"

मी तिला बेसिन सांगितलं, आरसा सांगितला, एक डोळा उघडा ठेवून तोंड धुणं सांगितलं. आई पलीकडे बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

"तीन साबण बदलले मी," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तीन."

भाचीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तिला तिचं उत्तर हवं होतं. "मग आता मिटतेस का डोळे?"

"मिटते," मी म्हटलं. "पण दार अजून किलकिलं ठेवते."

तिने थोडा विचार केला, मला हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, "चल, मी बाहेर उभी राहते."