लंडनच्या वर्गात परळचा पाऊस

इथे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा मुंबईत दुपारचे दोन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं मागे गेली की अंतर साडेपाच तासांचं होतं. त्यामुळे तिकडच्या वर्गाशी व्हिडिओ कॉल जुळवायचा तर दुपारची शाळाच हवी. माझी मावसबहीण परळच्या मराठी शाळेत दुपारी पाचवीला शिकवते, मी इथल्या प्राथमिक शाळेत. मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि आमच्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बंद होतात. आमच्या उन्हाळी सुट्टीआधीचा हा मधला महिना तेवढा दोघींचा, आणि तोही मुंबईच्या ऐन पावसाळ्यातला. मग विषय कोणता घ्यायचा याचा फार विचार करावाच लागला नाही.

इकडच्या शिक्षकांना अशा कॉलची सवय जुनी आहे. दोन अनोळखी वर्गांनी हो-नाहीचे प्रश्न विचारत एकमेकांचं ठिकाण ओळखायचं, असा ‘मिस्टरी स्काइप’ नावाचा खेळ चालायचा. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं, खेळ दुसऱ्या ॲपवर गेला. परवानग्यांचं प्रकरण मात्र वेळखाऊ. ज्या पालकांनी लेखी होकार दिला नाही, त्यांची मुलं कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवायची. तिकडे बहिणीने पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आणि थोड्याच वेळात अंगठेच अंगठे!

खरी पंचाईत आवाजाची झाली. मी विचारलं, “आज पाऊस आहे का?” पडद्यावर सगळ्या वर्गाने तोंडं उघडली आणि आम्हाला ऐकू आली शांतता. आपल्याकडे मुलं एका सुरात उत्तर देतात आणि ॲप तो सूर गोंगाट समजून दाबून टाकतं. त्याला एका वेळी एकच माणूस बोललेला कळतो. बहिणीने शहाणपणा केला. लॅपटॉपसमोर एक खुर्ची ठेवली आणि बोलणाऱ्याने तिथे येऊन बसायचं, असा नियम केला. पन्नास डोक्यांच्या गर्दीतून एकेक चेहरा पुढे आला आणि गप्पा रंगल्या. व्हिडिओ कॉलचं कौतुक करणारे इंटरनेटच्या वेगाबद्दल बोलतात. माझ्या मते त्या खुर्चीचं मोल जास्त.

माझ्या मुलांनी लंडनच्या पावसाचा तक्ता केला होता: वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर. परळच्या एका मुलाने फळ्यावर ९४४ लिहिलं. २६ जुलै २००५, सांताक्रूझ, एका दिवसाचा पाऊस. माझ्या वर्गातला एक हुशार पोरगा लगेच म्हणाला, “मिस, त्यांचं टिंब राहिलंय, ९४.४ असेल.” नाही राहिलं, म्हटलं. तेवढ्यात एक मुलगी खुर्चीत येऊन बसली. तिचे बाबा त्या रात्री अंधेरीहून परळपर्यंत रुळांवरून चालत आले होते. पाणी कुठवर होतं, असं विचारल्यावर ती उठून उभी राहिली आणि हात छातीशी नेला. तिचं मराठी मी इंग्रजीत सांगत होते, पण त्या हाताला दुभाष्या लागला नाही. मग दुसऱ्याने परळजवळच्या हिंदमाता चौकात दरवर्षी पाणी कसं तुंबतं, ते खडूने काढून दाखवलं.

इथल्या मुलांना मग पाऊस ऐकायचाच होता. बहिणीने लॅपटॉप खिडकीशी नेला. बाहेर धो धो कोसळत होतं आणि इकडे चिडीचूप, कारण ॲपने पाऊसही गोंगाटात मोजला. आवाज साफ करणारी सेटिंग शोधून बंद केली तेव्हा एकदम पत्र्यावरचा तडतडाट वर्गात घुसला. दोन-तीन मुलांनी कानांवर हात ठेवले. मला आपलं उगाच कांदाभजीची आठवण झाली.

निघताना खुर्चीतून शेवटचा प्रश्न आला, “तुम्हाला पावसाची सुट्टी कितीदा मिळते?” एकदाही नाही, हे ऐकून तिकडे इतकी हळहळ झाली की यावेळी ती ॲपलाही दाबता आली नाही.

आता परळकरांना बर्फ बघायचाय. इथे तो पडेलच याचा भरवसा नाही, आणि पडला तरी दुपारपर्यंत चिखल होतो. म्हणून तारीख न ठरवता, पडला की सकाळीच मेसेज करायचं ठरलंय. अडचण एकच. बर्फ चांगला पडला की आमची शाळाच बंद ठेवतात.