फलाटाची कड शेवटी ओता
पुणे मेट्रोचा रूळ १४३५ मिमी गेजचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. उन्नत मार्गावर तो खडीवर नाही, काँक्रीटच्या प्लिंथवर (रुळाखालच्या लांब ओट्यावर) बसतो. आधी रूळ, बेसप्लेट (रुळाखालची पाटी), क्लिपा जोडून जिगवर (तात्पुरत्या आधार-चौकटीवर) टांगायचे, गेज आणि लेव्हल तपासायची, मगच काँक्रीट. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर जिगला लागला की लेव्हल हलते. थोडा फरक शिमने (खाली सरकवायच्या पातळ पट्टीने) निघतो, जास्त असेल तर प्लिंथ फोडा.

स्टेशनचा सांगाडा मात्र बऱ्याचदा रुळाआधी उभा राहतो. फलाटाची कड तेव्हाच ओतली, तर डब्यालगतची फट कुठे अरुंद, कुठे रुंद होते. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं नेमकी तिथेच अडकतात! म्हणून कडेची पट्टी मोकळी ठेवावी आणि रूळ पक्का झाल्यावर त्याच्या मध्यरेषेपासून मोजून ओतावी.