मींड आवरा, कॅलिप्सो चालू आहे

हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेतली की तिला घसरायचंच असतं. डाव्या हातातला पोलादी बार तारेवर टेकला, की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधलं सगळं ती चाटूनपुसून घेते. आपल्याकडे या मींडेचं भारी कौतुक. भावगीताला ती शोभतेही. कॅलिप्सोला मात्र सोसत नाही.

कॅलिप्सो हे कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाचं गाणं. कार्निव्हलच्या दिवसांत गायक एकमेकांना जागच्या जागी कडवी रचून टोमणे मारतात, थेट आपल्या कलगी-तुऱ्यासारखे. तिथल्याच माइटी स्पॅरो या गायकाने १९५६ मध्ये ‘जीन अँड डायना’ गाऊन कॅलिप्सोचा मुकुट पटकावला. विषय काय, तर अमेरिकन सैनिक तळ सोडून गेल्यावर त्यांच्या जिवावर मिरवणाऱ्या बायकांचा उतरलेला भाव! अशी गाणी शब्दांवर चालतात. अक्षरं दाटीवाटीनं येतात, आघात मात्रेच्या जरा अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो. गिटारवर शब्द जातात आणि उरते चाल. तीही साधी, बहुतेकदा तीन-चार कॉर्डची. तो बोलका ठेकाही गेला, तर हातात बडबडगीत उरतं.

म्हणून इथे खरं काम उजव्या तळव्याचं. स्वर छेडला की तळव्याची कड तारेवर टेकवून तो तोडायचा, बार पुढच्या जागी न्यायचा, मग पुन्हा छेडायचं. मधला प्रवास मुका. ऐकायला सोपं वाटतं, पण बोटांपेक्षा मनगट आधी दमतं.

त्रिनिदादचंच स्टीलपॅन, तेलाच्या पिंपांतून घडलेलं, गिटारच्या नेमकं उलट. तिथे स्वर घसरूच शकत नाही; लांबवायचा तर काठ्या भराभर आपटत राहायचं. काही जण गिटारवर तळव्याच्या हलक्या स्पर्शानं हार्मोनिक्स, म्हणजे घंटेसारखे वरचे स्वर, काढून तो खणखणीतपणा आणू बघतात. एका कडव्यापुरतं मस्त. पुढे कान किटतात.

गिटारवाले बहुधा सुरुवात करतात अमेरिकन गायक हॅरी बेलाफॉन्टेच्या ‘डे-ओ’पासून. १९५६च्याच त्याच्या ‘कॅलिप्सो’ नावाच्या अल्बममधलं हे गाणं मुळात जमैकाचं, रात्रभर बोटीत केळी भरणाऱ्या मजुरांचं. त्यातली हाक लांबलचक, तिच्यावर बार खुशाल घसरावा, उलट बहारच येते. मात्र तेवढ्यावर कॅलिप्सो जमलं म्हणून स्पॅरोकडे वळावं, तर दुसऱ्याच ओळीत हात मागे पडतो.