एकाच खाटेभोवतीचे शिक्षण

वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच अनेकदा नर्सिंगचे आणि फिजिओथेरपीचे महाविद्यालय असते. विद्यार्थी एकाच वॉर्डात वावरतात, तरीही एकत्र बसून एकाच रुग्णाचा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने एम.बी.बी.एस. पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या असून ‘आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्य’ ही त्यांपैकी एक आहे. सदस्य म्हणून वागण्याचा सराव न देता नेतृत्वाची अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते, विद्यार्थ्यावर आणि रुग्णावरही.

आंतरव्यावसायिक शिक्षणाच्या, म्हणजे वेगवेगळ्या आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र शिकण्याच्या, नावाखाली सर्वांना एका सभागृहात बसवून व्याख्यान दिल्याने फारसे काही साधत नाही. त्यापेक्षा एक डिस्चार्ज घ्यावा. मधुमेहामुळे पायाचे बोट गमावलेल्या, नजर अधू झालेल्या आजी घरी निघाल्या आहेत आणि आपल्या एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याने डिस्चार्ज कार्डावर इन्सुलिनची मात्रा बिनचूक लिहिली आहे. शेजारी नर्सिंगची विद्यार्थिनी असेल, तर ती विचारते की इंजेक्शन देणार कोण, आणि घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिनची वायल (कुपी) ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायला कोणी शिकवले आहे का. फार्मसीचा विद्यार्थी वायल आणि सिरिंज जुळते का ते पाहतो, कारण मिलिलिटरला 40 युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी, आणि मिलिलिटरला 100 युनिटचे इन्सुलिन 40 च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले तर मात्रा अडीचपट होते. आजी उकिडव्या बसू शकतील का, हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीला आधी सुचते. हे सारे ऐकल्यावर ते कार्ड पुन्हा लिहावे लागते, आणि खरे शिक्षण त्या पुनर्लेखनात होते.

स्वीडनमधील लिंकोपिंग येथे 1996 मध्येच विविध शाखांच्या विद्यार्थ्यांनी देखरेखीखाली एकत्र चालवायचा प्रशिक्षण-वॉर्ड सुरू झाला. आपल्याकडे तेवढी व्यवस्था लगेच उभी राहणार नाही, वेळापत्रके जुळवणेच मुळात कठीण आहे. परंतु लाँग केस (एका रुग्णाची सविस्तर तपासणी करून मांडण्याची परीक्षा) आणि तोंडी परीक्षा एकेकट्याचीच होते, तोवर विद्यार्थी एकेकट्यानेच अभ्यास करणार. म्हणून प्रत्येक क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातील प्रशिक्षणाच्या पाळीत, निदान एक डिस्चार्ज कार्ड तीन शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहावे, त्यावर तिघांच्या सह्या असाव्यात आणि त्याचे गुण तिघांच्याही लॉगबुकात धरावेत.