जे-१ की एच-१बी? अमेरिकेतल्या शाळेत शिकवायला जाताना

अमेरिकेतल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी ठरली, तेव्हा मला वाटलं होतं त्याहून जास्त विचार व्हिसाचा करावा लागला. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका सरकारी शाळेने ऑनलाइन मुलाखत घेतली, अपूर्णांकांवर एक नमुना पाठ घ्यायला लावला आणि होकार कळवला. पण मी कुठल्या व्हिसावर जाते, यावर नवऱ्याला तिथे काम करता येईल का, मुलीच्या शाळेची किती वर्षं तिकडे जातील आणि आम्ही परत कधी यायचं, हे सगळं ठरणार होतं. साताऱ्यात हे उलगडून सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक धोका. पुण्यातल्या एका सल्लागाराने मला सुचवलं, "मॅडम, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर जा तर खरं, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ." त्याचे त्यांनी काही लाख मागितले. या व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे बी-१/बी-२ वर, अमेरिकेतल्या शाळेत पगारी शिकवता येत नाही, मग ती शाळा कितीही राजी असो. असा सल्ला मिळाला तर तिथून सरळ उठावं.

खरे पर्याय दोनच होते: एच-१बी आणि जे-१. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आपल्याकडे घरोघरी माहीत असतो, कारण कुणाचा ना कुणाचा भाचा त्यावर गेलेला असतो. तो एका वेळी तीन आणि एकूण सहा वर्षांपर्यंत मिळतो, आणि त्यावर असताना ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो. पण शाळेतल्या शिक्षकासाठी त्यात मोठी अडचण आहे. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढीच मर्यादा, आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात म्हणून मार्चमध्ये सोडत. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना या मर्यादेतून सूट आहे. साध्या सरकारी शाळेला सहसा नाही. बरं, सोडतीत नाव निघालंच तरी काम सुरू करायचं १ ऑक्टोबरपासून. तिथल्या शाळा भरतात ऑगस्टमध्ये. वर्ग सुरू झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी येणारी गणिताची बाई कुठल्या मुख्याध्यापकाला चालेल? आमचा निर्णय झाल्यानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर भरायचा आदेश निघाला. सरकारी शाळा एका शिक्षकासाठी एवढे पैसे कुठून आणणार?

जे-१ मध्ये सोडत नाही. पण तो देवाणघेवाणीचा व्हिसा आहे, हे मनाशी पक्कं करूनच तो घ्यावा. शिक्षकांना तो तीन वर्षांसाठी मिळतो, पुढे एक किंवा दोन वर्षांची मुदतवाढ होऊ शकते, म्हणजे फार तर पाच. त्यानंतर पुन्हा शिक्षक म्हणून याच मार्गाने जायचं असेल, तर आधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर राहावं लागतं. ज्यांना कायमचं तिकडे स्थायिक व्हायचं आहे, त्यांना हा व्हिसा पुढे जाचतो. मला मात्र परत यायचंच होतं. आपल्याकडे साठ-साठ मुलांच्या वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर गणितं सोडवून दाखवली आहेत. पंचवीसेक मुलांचा वर्ग, प्रत्येकाच्या हातात साहित्य, आणि चुकलेल्या उत्तरावर वर्गात मोकळी चर्चा, असं रोज शिकवताना काय होतं ते मला करून बघायचं होतं आणि ते इथे परत आणायचं होतं.

घरच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली. एच-१बी धारकाच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया आय-१४० (नोकरी देणाऱ्याने करायचा अर्ज) मंजूर होण्याच्या टप्प्यापर्यंत पोचल्याशिवाय त्याला सहसा कामाची परवानगी नसते. जे-१ वाल्याच्या जोडीदाराला जे-२ मिळतो आणि तिथे पोचल्यावर त्याला कामाच्या परवानगीसाठी लगेच अर्ज करता येतो. माझा नवरा ऑटोकॅडवर ड्रॉइंग करतो. वर्षानुवर्षं घरी बसणं त्याला मानवलं नसतं, आणि मलाही ते बघवलं नसतं.

जे-१ घेणाऱ्यांना घाबरवणारं अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं एक कलम म्हणजे २१२(ई). ते लागू झालं की मायदेशी दोन वर्षं राहिल्याशिवाय किंवा सूट मिळवल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. सरकारी पैशावर गेलात किंवा तुमचं कौशल्य अमेरिकेने तुमच्या देशासाठी केलेल्या कौशल्यांच्या यादीत असलं की ते लागू होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ही यादी बदलली आणि भारताचं नाव तीतून निघालं. जुने लेख वाचून घाबरलेल्या दोन मैत्रिणींना मी हेच सांगितलं. वर लिहिलेली शिक्षकांची दोन वर्षांची अट याहून वेगळी, ती कायम आहे. या दोन्हींची गल्लत फार होते.

कागदपत्रांत पात्रतेची बाजू आधी तपासा. शिक्षणशास्त्राची किंवा ज्या विषयात शिकवायचं त्या विषयाची पदवी हवी, ती अमेरिकी पदवीच्या बरोबरीची हवी, आणि किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, त्यामुळे बरोबरीचा प्रश्न येतोच. माझ्या पदव्यांच्या मूल्यमापनात एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही धरल्यावर तो सुटला. सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट लवकर मागवून ठेवा. त्याशिवाय ज्या राज्यात शिकवायचं, तिथल्या अटीही पुऱ्या कराव्या लागतात.

आणि राजीनामा देण्याची घाई मुळीच करू नका. अर्ज करताना तुम्ही मायदेशी शिक्षक म्हणून काम करत असायला हवं, अशी अट आहे. नुकतीच वरची पदवी घेतलेल्यांना त्यात थोडी सवलत आहे. मी मुख्याध्यापिका बाईंना सुरुवातीपासून सगळं सांगून ठेवलं होतं आणि "सध्या कार्यरत" असं पत्र त्यांच्याकडून घेतलं.

जे-१ शाळा थेट देत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था डीएस-२०१९ हा फॉर्म देते, आणि त्यावर सगळी मदार. मान्यताप्राप्त संस्थांची यादी परराष्ट्र खात्याच्या जे-१ च्या संकेतस्थळावर आहे. कुणाला एक रुपयाही देण्याआधी त्यात नाव शोधा, आणि फीचा तपशील लेखी मागा. माझ्या वेळी सेविसची (विद्यार्थी आणि देवाणघेवाणीवर येणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची) फी २२० डॉलर होती, ती फक्त माझी; व्हिसाची फी प्रत्येकी १८५ डॉलर. विम्याचेही नियम आहेत: प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचं संरक्षण, आणि ते कुटुंबालाही लागतं.

डीएस-२०१९ हातात आला आणि २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी एफ, एम (हे दोन्ही विद्यार्थ्यांचे) आणि जे व्हिसांच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणंच थांबलं. शाळा ऑगस्टमध्ये, आणि तारीख मिळेना. ते दिवस फार जड गेले. जूनमध्ये वेळा पुन्हा खुल्या झाल्या, त्या समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवण्याच्या नव्या अटीसह. मी रोज पहाटे उठून वेळा बघत होते.

मुलाखतीसाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत आम्ही तिघं गेलो. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, "सातवीच्या मुलाला ऋण संख्यांची वजाबाकी कशी समजावाल?" मी थर्मामीटरचं उदाहरण सांगू लागले आणि मनातली भीती गेली. मग परत येऊन काय करणार, हे विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे खरंखुरं होतं. त्यांनी डीएस-२०१९ च्या खालच्या कोपऱ्यात २१२(ई) लागू नाही अशी खूण केली. ती खूण तिथेच वाचून घ्या, आणि व्हिसा आल्यावर त्यावरची नोंदही पाहा.

नवऱ्याच्या परवानगीचा आय-७६५ फॉर्म आम्ही पोचल्यावर भरला. त्यात एक बारीक अट आहे: जोडीदाराची कमाई जे-१ धारकाला पोसण्यासाठी लागता कामा नये. म्हणून सोबतच्या पत्रात आम्ही माझ्या पगारात घर कसं भागतं तो महिन्याचा हिशेब मांडला, आणि त्याची कमाई मुलीचे छंदवर्ग आणि फिरणं यासाठी असेल, असं लिहिलं. परवानगी यायला महिने जातात, तेव्हा तेवढा काळ एकाच पगारात निघेल इतकी शिल्लक घेऊनच निघा.