पावसातल्या रेकॉर्डी

लाइट दुपारी दोनला गेली ती अजून नाही. वेंगुर्ल्यात पाऊस नुसता धरून बसलाय, प्लेअर गप्प, म्हणून मी रेकॉर्डी पुसतोय. आठ दिवस कपाट उघडलं नाही की कव्हरांवर पांढरी बुरशी आलीच समजा, आणि एकदा का ती खाचांत शिरली की गाण्यात चणे भाजल्यासारखा आवाज.

ह्यातल्या बऱ्याचशा काकांच्या ट्रंकेतल्या. काका बोटीवर होते, बाकीचे खलाशी बंदरावरून घड्याळं नि सेंट आणायचे, हे रेकॉर्डी आणायचे आणि घरी कोणी ऐकायचं नाही, त्यामुळे ट्रंक माळ्यावर.

ट्रंक खाली उतरवली तेव्हा मी मोठा शहाणपणा केला होता. एलपीवर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं स्पिरिट घालून फिरवलं, मस्त निघाली, तर म्हटलं ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, त्या पण करून टाकू. कापूस काळा व्हायला लागला, मला वाटलं वा काय मळ निघतोय, आणि मळ कसला, तबकडीच निघत होती! एलपी व्हिनाइलची असते पण ७८ ची जुनी तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्या सुताराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, तो लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजवूनच तर पॉलिश करतो. गेली ती नेमकी सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'ची, १९५१ ची, 'शोला जो भडके'वाली. त्या सिनेमात पडद्यावर जो बँड दिसतो तो चिक चॉकलेटचा, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला, इथून दीड-दोन तासांवरचा माणूस. अजून जीव हळहळतो.

पण खरं वेड लागलं ते एका छोट्या रेकॉर्डने. ४५ फेऱ्यांची, अमेरिकन, मधे हे एवढं दीड इंचाचं भोक, प्लेअरच्या खिळ्यावर बसेचना. शेवटी जुन्या स्लिपरचं रबर गोल कापलं, मधे बारीक भोक पाडलं आणि बसवली. जेम्स ब्राऊन, 'कोल्ड स्वेट', १९६७. मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही, चाल कुठेय, अंतरा कुठेय, माणूस नुसता ओरडतोय.

शेजारचे काका आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, समोरच्या बुवाला घाम फोडणारे. ते दारात छत्री झटकत उभे होते, तसेच उभे राहिले. म्हणाले, "ह्यो समेर कसो येता बघ! सगळे मिळान येतत." मग मी नीट ऐकलं. गिटार, बेस, ड्रम, सगळे आपापलं तुटक तुटक वाजवतायत आणि पहिल्या मात्रेवर धप्पकन एकत्र. सोल नावाच्या अमेरिकन गाण्यांत टाळी बहुतेक दोनवर नि चारवर पडते, ह्या बाबाने जोर उचलून एकवर आणला आणि त्यालाच पुढे फंक म्हणायला लागले. मधे एका ठिकाणी सगळे थांबतात, एकटा क्लाइड स्टबलफील्ड ड्रम वाजवत राहतो, तिथे काकांची बोटं छत्रीच्या दांड्यावर. गाणं मोठं म्हणून दोन बाजूंना तोडलंय. पहिली बाजू संपली तर मलाच ओरडले, "अर्ध्यात कित्याक बंद केलंस?"

जॅझपर्यंत मी त्याच रेकॉर्डवरून उलटा गेलो. लेबलवर ब्राऊनबरोबर एलिस असं दुसरं नाव होतं, शोधलं तर पी वी एलिस, त्याच्याच बँडमधला सॅक्सोफोनवाला, मूळचा जॅझचा. ब्रासची, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांची, ती दोन स्वरांची ठोकर त्याला जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'सो व्हॉट'वरून सुचली होती. मग डेव्हिसची ती एलपी मागवली. काकांना ती फारशी आवडली नाही, "निजवता" म्हणाले. मला रात्री पागोळ्या गळत असताना तीच लागते, असो.

आत्ताच कुंपणापलीकडून काकांची हाक आली, "लाईट इली काय रे?" अख्ख्या वाडीत काळोख आहे, त्यांच्याकडेही नाहीच की.