आरक्षण नाही, मग आहे काय? ब्रिटिश कंपन्यांतली ‘डायव्हर्सिटी’

पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून लंडनला किंवा मँचेस्टरला बदली होऊन येणाऱ्या मॅनेजर मंडळींच्या डोक्यात ‘डायव्हर्सिटी’ म्हटलं की आधी आरक्षण येतं. बायकांना इतक्या जागा, गोऱ्या नसलेल्यांना इतक्या, असं इथल्या साहेबांनी ठरवून टाकलं असणार, असा समज. प्रत्यक्षात एखाद्या कंपनीनं अशा जागा राखून ठेवल्या तर तोच बेकायदा भेदभाव ठरतो, आणि डावलला गेलेला गोरा पुरुष ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, जाऊन भरपाई मागू शकतो.

याचं कारण 2010 चा समानता कायदा. त्यात नऊ गोष्टींना संरक्षण आहे: वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह किंवा नागरी भागीदारी, गरोदरपण व बाळंतपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल. वंश आणि लिंगाच्या बाबतीत हा कायदा दोन्ही बाजूंना सारखाच कापतो. अपंगत्वाचं मात्र वेगळं: अपंग व्यक्तीला झुकतं माप दिलं म्हणून धडधाकट उमेदवाराला तक्रार करता येत नाही. राजकीय पक्षांनी तर स्वतःपुरती वेगळी सोय करून घेतली आहे. मजूर पक्षाच्या ‘फक्त महिला’ उमेदवार याद्या 1996 मध्ये ट्रायब्युनलनं बेकायदा ठरवल्या, तेव्हा 2002 मध्ये संसदेनं कायदाच बदलला. कंपन्यांना ती सवलत नाही.

कंपन्यांच्या हाती उरतात दोन कलमं. 158 प्रमाणे मागे पडलेल्या गटापर्यंत पोचण्यासाठी खास प्रयत्न करता येतात: त्यांच्या वस्तीत, कॉलेजात जाहिरात करणं, वेगळं प्रशिक्षण, मार्गदर्शन. आणि 159 प्रमाणे दोन उमेदवार अगदी तोडीस तोड असतील, तर ज्या गटाचे लोक कमी आहेत त्यातला उमेदवार घेता येतो. मात्र प्रत्येक वेळी तसंच करायचं असं धोरण ठेवता येत नाही.

‘तोडीस तोड’ या शब्दांवरच इंग्लंडमधल्या चेशर परगण्याचे पोलीस अडकले. 2017 च्या भरतीत त्यांनी मुलाखत पास झालेल्या 127 जणांना सरसकट समान गुणवत्तेचे धरलं आणि मग कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांतल्यांना पुढे काढलं. एका गोऱ्या उमेदवारानं दावा लावला आणि 2019 मध्ये तो जिंकला. पास-नापास एवढीच रेघ मारली की 60 गुणवाला आणि 90 गुणवाला एकाच ओळीत येतात, आणि ती समानता कोर्टात टिकत नाही. हे कलम वापरायचं असेल तर प्रत्येकाचे गुण, निकषवार, कागदावर असावे लागतात. तेवढी मेहनत नको म्हणून बहुतेक एचआर विभाग या कलमाच्या वाटेलाच जात नाहीत.

मग सीईओ मंडळी व्यासपीठावरून जी टार्गेटं जाहीर करतात ती काय? टार्गेट ठेवायला मनाई नाही. ते गाठायला माणूस निवडताना पक्षपात करायला मनाई आहे. भानगड होते ती टार्गेट मॅनेजरच्या बोनसला बांधल्यावर. वर्ष संपत आलं की आकड्यात मागे असलेला मॅनेजर शॉर्टलिस्टमध्ये काय शोधायला लागतो हे सांगायची गरज नाही. शहाण्या कंपन्या म्हणून बोनस निकालाला बांधत नाहीत. जाहिरात किती ठिकाणी गेली, शॉर्टलिस्ट किती मोठी होती, मुलाखतीची गुणपत्रकं भरली का, अशा कामांना बांधतात.

संचालक मंडळांच्या बाबतीत टार्गेट चाललं, हे मान्य करायला हवं. नॉर्वेनं 2003 मध्ये मंडळांवर 40 टक्के बायकांचा कायदा केला आणि न पाळणारी कंपनी बरखास्त करण्याची तरतूद ठेवली. ब्रिटननं कायदा टाळला. 2010 मध्ये हेलेना मॉरिसी यांनी मंडळांवर 30 टक्के बायका हव्यात म्हणून ‘30 पर्सेंट क्लब’ काढून कंपन्यांच्या अध्यक्षांनाच त्यात ओढलं. याच विषयावरच्या 2011 च्या डेव्हिस अहवालावेळी लंडन शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या 100 कंपन्यांच्या मंडळांवर बायका होत्या 12.5 टक्के, आज 40 च्या पुढे आहेत. 2022 पासून शेअर बाजाराच्या नियामकानं नियमच केला: मंडळावर 40 टक्के महिला, वरच्या चार पदांपैकी किमान एकावर महिला आणि गोरा नसलेला किमान एक संचालक, नसेल तर का नाही ते वार्षिक अहवालात लिहा. शिक्षा काही नाही, पण गुंतवणूकदारांपुढे कारणं लिहायची पाळी कोणालाच आवडत नाही.

यातली पळवाटही बघून ठेवा. जागा भरल्या गेल्या त्या मुख्यतः बिगर-कार्यकारी संचालकांच्या, म्हणजे वर्षाला मोजक्या बैठकांना येणाऱ्यांच्या. याच 100 कंपन्यांत महिला सीईओ दहाच्या आसपासच आहेत. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्यानं एक महिला संचालक सक्तीची केली, तेव्हा कित्येक प्रवर्तकांना आपली पत्नी, सून किंवा मुलगी आठवली. पळवाटेची जात वेगळी, एवढंच.

खरा धाक आहे तो पगाराच्या आकड्यांचा. 2017 पासून 250 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीला पुरुष आणि स्त्रियांच्या तासाच्या पगारातली तफावत दरवर्षी सरकारी संकेतस्थळावर टाकावी लागते. खासगी कंपनीसाठी मोजणीची तारीख 5 एप्रिल, आणि प्रसिद्धीला पुढच्या वर्षीच्या 4 एप्रिलपर्यंत मुदत. सरासरी तफावत, मध्यक (म्हणजे चढत्या क्रमात बरोबर मधल्या पगाराची) तफावत, बोनसमधली दोन्ही, बोनस किती जणांना मिळाला, आणि पगाराच्या चार पायऱ्यांवर स्त्री-पुरुष किती, एवढं द्यायचं. कोणीही घरबसल्या कंपनीचं नाव टाकून बघू शकतं. इथे नोकरीची ऑफर आली असेल तर सही करण्यापूर्वी जरूर बघा.

पण आकडा वाचायचा कसा? सारख्या कामाला कमी पगार देणं इथे 1975 पासून बेकायदा आहे, ती वेगळी गोष्ट. ही तफावत सांगते की कोण कुठल्या पायरीवर उभं आहे. छोटं गणित मांडू. पाच पुरुषांचे तासाचे पगार 14, 18, 22, 30 आणि 45 पौंड, मधला 22. पाच स्त्रियांचे 13, 15, 18, 20 आणि 32, मधला 18. तफावत 22 उणे 18 भागिले 22, म्हणजे 18.2 टक्के. आता कंपनीनं मनापासून ठरवून आणखी दोन मुली शिकाऊ म्हणून घेतल्या, 13 आणि 14 पौंडांवर. स्त्रियांचा मधला पगार घसरून 15 वर येतो आणि तफावत 31.8 टक्के होते. चांगलं काम केलं आणि वर्तमानपत्रात नाव खराब झालं! उलट 20 पौंडवालीला बढती देऊन 30 दिले तरी मध्यक हलतच नाही, कारण ती आधीच मधल्याच्या वर होती. सरासरी आणि वरच्या पायरीचा आकडा तेवढा सुधारतो. म्हणून एकच आकडा बघून कंपनीला शिव्याही घालू नयेत आणि हारही घालू नयेत. चार पायऱ्यांची विभागणी सलग तीन-चार वर्षांची बघावी.

ईझीजेट या विमान कंपनीचं पहिल्या वर्षीचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. मध्यक तफावत 45 टक्क्यांहून अधिक निघाली, कारण वैमानिकांत बायका जेमतेम 6 टक्के आणि केबिनमध्ये बहुतेक बायकाच. तेव्हाचे नवे सीईओ योहान लुंडग्रेन यांनी जानेवारी 2018 मध्ये स्वतःचा पगार 7 लाख 40 हजार पौंडांवरून 7 लाख 6 हजारांवर आणला, कारण आधीच्या सीईओ कॅरोलिन मॅकॉल यांना तेवढाच होता. टाळ्या मिळाल्या, मिळायलाच हव्यात. पण मध्यकावर त्याचा परिणाम शून्य. तो हलायचा तर शिकाऊ वैमानिकांत मुली यायला हव्यात, आणि शिकाऊ वैमानिकाची कॅप्टन व्हायला वर्षं जातात.

इथे मोठ्या लेखापाल आणि वकिली फर्मांची एक युक्तीही उघडी पडली. भागीदार हे कायद्यानं कर्मचारी नाहीत, मालक आहेत. त्यामुळे सर्वांत श्रीमंत पुरुष मोजणीतून आपोआप गळले. ओरड झाल्यावर अनेकांनी भागीदारांसह आकडे पुन्हा काढले आणि तफावत चांगलीच फुगली. वंशानुसार पगाराच्या तफावतीचा अहवाल मात्र आजवर ऐच्छिकच राहिला आहे.

आता भरतीकडे, कारण आपल्या वाचकांचा संबंध तिथेच येतो. 2009 मध्ये सरकारसाठी झालेल्या एका पाहणीत सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला 9 अर्जांमागे एक होकार आला, आशियाई किंवा आफ्रिकी नावाला 16 अर्ज करावे लागले. शिवाय कंपनीचा ठरावीक छापील फॉर्म होता तिथे हा भेद कमी होता. मोकळ्या सीव्हीवर जास्त. 2015 मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या पुढाकारानं सरकारी सेवा, एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा, बीबीसी, एचएसबीसी, डेलॉइट, केपीएमजी यांनी अर्जावरचं नाव झाकायचं कबूल केलं.

नाव झाकलं तरी सगळं झाकलं जात नाही. ‘फर्ग्युसन कॉलेज, पुणे’ ही एक ओळ पुरते. पदवीच्या सालावरून वय कळतं, आणि मधली दोन वर्षं रिकामी दिसली की परीक्षक मनातल्या मनात बाळंतपण धरून चालतो. नीट काम करणाऱ्या कंपन्या म्हणून सीव्हीच मागत नाहीत. कामाशी निगडित तीन-चार प्रश्न विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाची सगळ्या उमेदवारांची उत्तरं एकत्र करून तपासतात. परीक्षेचे पेपर तपासताना आपल्याकडे चांगले शिक्षक हेच करतात: आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. मुलाखतीत तीन परीक्षक असतील तर गुण आधी आपापल्या कागदावर, मग चर्चा. हा क्रम उलटला की सर्वांत वरिष्ठ माणसाचं मत तेच तिघांचं मत होतं, आणि गुणपत्रक नंतर त्याला जुळवून भरलं जातं. भरतीत सर्वाधिक बिघाड इथेच होतो.

अर्जासोबत वंश, धर्म, लैंगिक कल विचारणारा वेगळा फॉर्म येतो. व्हिसावर परिणाम होईल या भीतीनं आपले बरेच लोक तो कोरा सोडतात. तो ऐच्छिक असतो आणि निवड करणाऱ्यांपर्यंत जाऊ द्यायचा नसतो. ‘सांगायचं नाही’ हा पर्यायही असतो. तब्येतीचं मात्र लक्षात ठेवा: ऑफर देण्यापूर्वी आजार-अपंगत्वाबद्दल सरसकट विचारायला, थोडे अपवाद सोडता, बंदी आहे. मुलाखतीसाठी काही सोय हवी का, एवढं विचारता येतं. कामावर लागल्यावर वेगळी खुर्ची, स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर, बदललेल्या वेळा अशा ‘वाजवी’ सोयी करणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि त्याचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेता येत नाहीत. मोठा खर्च असेल तर ‘अ‍ॅक्सेस टू वर्क’ ही सरकारी योजना हातभार लावते; अर्ज मात्र कर्मचाऱ्यानं स्वतः करायचा असतो आणि तिथे वाट बघावी लागते.

दिवाळीला रिसेप्शनवर रांगोळी, सीईओचा कुर्त्यातला फोटो आणि समोसे, हेही सगळीकडे होतं. दिवाळीची सुट्टी मात्र कायद्यानं हक्काची नाही. वर्षाला 5.6 आठवडे, म्हणजे आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला 28 दिवस रजा, त्यात इंग्लंडच्या आठ बँक हॉलिडे धरता येतात. काही कंपन्या ईस्टरचा सोमवार देऊन त्याबदल्यात दिवाळीचा दिवस घेऊ देतात. करारात लिहिलेलं नसेल तर रुजू होतानाच ईमेलनं विचारून ठेवावं.

राहिली जात. समानता कायद्यात तिचं नाव वंशाखाली घालण्याची तरतूद आहे. 2013 मध्ये संसदेनं सरकारवर तसं बंधनही घातलं. 2018 मध्ये सरकारनं ते करणार नाही असं जाहीर केलं आणि ते काम न्यायालयांवर सोडलं. आधार होता 2014 चा निकाल: बिहारहून आणलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईच्या दाव्यात अपील ट्रायब्युनलनं म्हटलं की, परिस्थितीनुसार जात ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते. 2015 मध्ये तिला किमान वेतनापोटीच 1 लाख 83 हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. अमेरिकेत सिएटलनं फेब्रुवारी 2023 मध्ये शहराच्या कायद्यात जातीचं नाव घातलं. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या.

भारतीय टीम असलेल्या ब्रिटिश कंपनीच्या गोऱ्या डायरेक्टरला हा प्रकार दिसतच नाही. त्याच्या आकड्यांत आपण सगळे ‘आशियाई, भारतीय’ या एका चौकटीत जातो आणि चौकट भरली की तो खूश. आतमध्ये आडनाव विचारणं, गाव विचारणं, ‘व्हेज आहात ना?’ विचारणं चालूच असतं. त्याहून परिणामकारक म्हणजे ओळखीची भरती: रेफरल बोनस जाहीर झाला की एकाच कॉलेजची, एकाच गोतावळ्याची माणसं येत राहतात. त्यावर उपाय साधे आहेत. भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द नावानिशी लिहिणं, कारण लिहिलेला नसेल तर एचआरला तक्रार कुठल्या रकान्यात टाकायची तेच कळत नाही. अशी तक्रार त्याच टीमच्या साखळीतून न नेता बाहेरच्या माणसाकडे देणं. आणि रेफरलनं आलेल्या अर्जांना बाकीच्यांसारख्याच लेखी प्रश्नांतून जायला लावणं, शिफारस करणाऱ्याचं नाव निवड होईपर्यंत झाकून.